चावी कुणाच्या कमरेला?

ऑगस्ट २०२२ मध्ये पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ हे त्याचं सरकारी नाव. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या लोकांना अर्धं तिकीट आधीपासून होतंच. मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या बायकांनाही ते मिळू लागलं. यावर जी चर्चा झाली ती महामंडळाच्या तोट्याची, मतांच्या हिशेबाची आणि ‘या वयात कशाला हवंय एवढं हिंडणं’ या जातीची. यातल्या शेवटच्या वाक्यापाशी मला थांबायचं आहे. म्हातारपणी मन कशाने टिकतं आणि कशाने खचतं, या प्रश्नाबद्दलचा आपला गोंधळ त्या एका वाक्यात आहे.

इंग्लंडमध्ये ज्येष्ठांना बसचा मोफत पास मिळतो. पास मिळण्याचं वय सरकारने पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. त्यामुळे संशोधकांना आयतीच तुलना सापडली: जवळपास एकाच वयाचे लोक, काहींच्या हातात पास, काहींच्या नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं, की पासामुळे बसने फिरणं वाढलं आणि त्या फिरण्यातून उदासीची लक्षणं व एकटेपणाची भावना कमी झाली. ना गोळी, ना समुपदेशन. आपल्या एसटीतली म्हातारी लेकीच्या गावी जाते, देवाला जाते, डोळे दाखवायला तालुक्याला जाते. आणि त्यासाठी मुलापुढे हात पसरत नाही. या शेवटच्या गोष्टीचं वजन आधीच्या तिन्हींहून जास्त असावं, असं माझं मत आहे. पुढचा सगळा आढावा त्या मतालाच तपासत जाणार आहे.

मराठी मनात वार्धक्याच्या दुःखाची जी गोष्ट घट्ट बसली आहे, ती रंगभूमीने घडवली. १९७० मध्ये शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आलं आणि सगळं मुलांच्या नावे करून घराबाहेर पडलेला गणपतराव बेलवलकर घराघरात पोचला. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने मुलांविना रिकाम्या झालेल्या घरातले नाना-नानी दिले. दोन्ही नाटकं थोर, पण त्यांच्या थोरवीने प्रश्न एका साच्यात बसवला: मुलं बघतात की नाही? २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा याच साच्यातला. मुलांनी पोसलं पाहिजे, नाहीतर न्यायाधिकरण महिन्याला कमाल दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवून देईल.

आता आकडे पाहू. भारतातल्या वार्धक्याचा आजवरचा सर्वांत मोठा पाहणी-अभ्यास म्हणजे ‘लासी’. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांसोबत तो केला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस आणि त्यावरच्या वयाच्या सुमारे ७२,००० लोकांना गाठलं गेलं. त्यात साठीपुढचे एकटे राहणारे निघाले सुमारे सहा टक्के. म्हणजे बहुसंख्य म्हातारी माणसं कुणा ना कुणासोबत, बहुतेक तर भरल्या घरात राहतात. तरीही, ठरावीक प्रश्नावली वापरून तपासलं तेव्हा साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत मोठ्या नैराश्याची शक्यता दिसली. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे मात्र ०.८ टक्के.

या दोन आकड्यांमधली दहापट दरी हा या विषयातला मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. दहातल्या नऊ जणांच्या दुखण्याला नावच मिळालेलं नाही. आजोबांना भूक नाही, पहाटे तीनला जाग येते, अंग मोडून येतं, टीव्हीसमोर बसतात पण बघत नाहीत. घरचे म्हणतात, ‘वयोमानानुसार’. डॉक्टरही पुष्कळदा तेच म्हणतात आणि एक टॉनिक लिहून देतात. आपल्याकडे म्हातारपणाचं नैराश्य ‘उदास वाटतं’ असं म्हणत येत नाही. ते कंबरेत येतं, पोटात येतं, ‘छातीत कसंतरी होतं’ म्हणत येतं.

मोजण्याच्या साधनांचीही अडचण आहेच. ज्येष्ठांमधलं नैराश्य चाळण्यासाठी जगभर वापरली जाणारी पंधरा प्रश्नांची एक यादी आहे. त्यात एक प्रश्न असा, की बाहेर जाऊन नवं काही करण्यापेक्षा तुम्हाला घरी बसणंच बरं वाटतं का. मंगळवेढ्याच्या एखाद्या सत्तरीच्या बाईला हे विचारून पाहा. घराबाहेर ‘नवं काही’ करायची मुभा तिला विसाव्या वर्षीही नव्हती. तिच्या ‘हो’चा अर्थ मनाचा आजार की आयुष्यभराची शिस्त? यादी टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. चाळणी म्हणून ती उपयोगीच आहे. पण उत्तर ऐकणाऱ्याला ते घर ठाऊक हवं.

पाश्चात्त्य संशोधनातली एक आवडती कमान इथेच सांगून टाकतो. सुखाचा आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा असतो म्हणे: तरुणपणी वर, चाळिशी-पन्नाशीत तळाला, मग पुन्हा वर. ब्लँचफ्लावर आणि ओस्वाल्ड यांनी २००८ मध्ये अनेक देशांच्या आकडेवारीवरून ते मांडलं आणि वृत्तपत्रांनी उचलून धरलं. लॉरा कार्स्टन्सेन यांचं स्पष्टीकरणही पटण्यासारखं आहे. उरलेला काळ थोडा आहे हे कळलं, की माणूस फालतू ओळखी गाळतो, मोजकी माणसं जवळ ठेवतो आणि त्यामुळे जास्त समाधानी होतो. पण २०१५ मध्ये स्टेप्टो, डीटन आणि स्टोन यांनी जगभरचे आकडे मांडले, तेव्हा ही कमान मुख्यतः श्रीमंत इंग्रजीभाषक देशांतली निघाली. माजी सोव्हिएत देशांत आणि लॅटिन अमेरिकेत वय वाढतं तसं समाधान घसरतच जातं. तेव्हा ‘म्हातारपण हा सुवर्णकाळ’ हे वाक्य निवृत्तिवेतन, दवाखाना आणि सपाट फुटपाथ यांच्या बळावर उभं असतं. ज्या देशात साठीपुढचा दर तिसरा माणूस अजून कामावर जातो आणि त्यातले बहुतेक शेतात किंवा मजुरीवर, तिथे ‘निवृत्तीनंतरचं नियोजन’ हा शब्दच शहरी आहे.

पैशाचं बोलू. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत पासष्ट पूर्ण केलेल्या गरीब ज्येष्ठांना महिन्याला दीड हजार मिळतात; २०२३ पर्यंत एक हजार मिळत होते. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. याहून जास्त कमावणारं घर गरीब नव्हे, असं कागद म्हणतो. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाला २०० रुपये आहेत आणि दीड दशकाहून अधिक काळ तो आकडा हललेला नाही. या रकमांवर कुणाचं पोट भरत नाही. तरी त्या क्षुल्लक नाहीत, कारण त्या स्वतःच्या नावावर येतात. नातवाच्या हातात दहाची नोट ठेवता येणं, देवळाच्या पेटीत पाच रुपये टाकता येणं, चष्म्याची काडी मोडली तर कुणाला न सांगता ती बदलून आणणं. घरात बसून मिळणाऱ्या दोन वेळच्या जेवणाने हे मिळत नाही.

मानसशास्त्रात यासाठी कॅरल रिफ यांनी १९८९ मध्ये सहा पैलूंची मांडणी केली. त्यातले दोन आपल्या कामाचे: स्वतःचे निर्णय स्वतः घेता येणं आणि आपला परिसर आपल्याला हाताळता येणं. आपल्या भाषेत त्याला चावी म्हणतात. पूर्वी घरधनीण चाव्यांचा जुडगा कमरेला लावायची. तो कमरेवरून उतरून सुनेकडे गेला, की घरातली सत्ता बदलली हे कुणाला सांगावं लागत नसे. आता चावी म्हणजे एटीएमचा पिन, दुधवाल्याचा हिशेब, टीव्हीचा रिमोट, ‘आज भाजी काय करायची’ हे विचारलं जाणं. प्रेमापोटी या चाव्या काढून घेणारी मुलं वाईट नसतात. ‘आई, तू आता काही करू नकोस, आराम कर’ हे वाक्य लाडाचंच आहे. परिणाम मात्र पदावरून काढून टाकल्यासारखा होतो.

यावरचा गाजलेला प्रयोग १९७६ चा. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या कनेटिकटच्या एका वृद्धाश्रमात दोन मजले निवडले. एका मजल्यावरच्यांना सांगितलं, खोलीची मांडणी तुमची, सिनेमाला कधी जायचं ते तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि सांभाळा. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप दिलं, पण ते सांभाळणार नर्स. काही आठवड्यांतच पहिला मजला अधिक आनंदी आणि हालता-बोलता दिसला. दीड वर्षांनी त्या मजल्यावर मृत्यूही कमी झाले, असं पुढे आलं. त्या शेवटच्या आकडेमोडीत नंतर दुरुस्ती करावी लागली, म्हणून मृत्यूच्या मुद्द्यावर मी भर देत नाही. मला जास्त शिकवून जातो तो त्याच वर्षीचा रिचर्ड शुल्झ यांचा प्रयोग. विद्यार्थी वृद्धाश्रमात भेटायला यायचे. कधी यायचं हे ज्यांना ठरवता आलं, किंवा निदान आधी कळलं, ते ज्येष्ठ सुधारले. मग अभ्यास संपला, भेटी थांबल्या आणि पुढे पाहणी केली तर तेच लोक सर्वांत जास्त घसरले होते. दिलेली चावी परत घेणं हे न देण्याहून वाईट ठरलं.

१ ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, फळं वाटून आणि फोटो काढून परतणाऱ्या महाविद्यालयांच्या तुकड्यांना हा प्रयोग आधी वाचायला द्यावा. वर्षातून एकदा पन्नास जणांनी जाण्यापेक्षा एकाच पोराने दर दुसऱ्या रविवारी, ठरल्या वेळी, ठरल्या आजोबांकडे जावं.

बायकांचा प्रश्न मात्र चावीच्या एक पायरी खालून सुरू होतो. लग्नात नवरा वयाने मोठा, आणि बाई जगते जास्त. त्यामुळे साठीपुढच्या बायकांत विधवांचं प्रमाण निम्म्याच्या जवळपास आहे, पुरुषांत विधुर त्या मानाने थोडे. पुण्याजवळच्या वढू परिसरातल्या २२ गावांत पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वय, बाईपण, जोडीदार नसणं, गरिबी यांपैकी जे जे वाट्याला येईल तसतशी प्रकृती आणि जगण्याचा दर्जा खाली जाताना त्यात दिसला. गावच्या बाईच्या वाट्याला या चारही गोष्टी एकदमच येतात. त्यावर रूढीचा थर. सवाष्ण असताना ती हळदीकुंकवाच्या निमित्ताने दहा घरं फिरत होती. नवरा गेला आणि तिचं सगळं सामाजिक जग एका दिवसात बंद झालं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. वृत्तपत्रांनी त्याला समाजसुधारणा म्हटलं, ते योग्यच. पण तो मानसिक आरोग्याचाही ठराव होता.

पुरुषांचं दुखणं वेगळं. त्यांचं जग कचेरीत, बाजारात, शेतात होतं. ते बंद पडलं की घरात त्यांना काम नसतं आणि मित्र जोडायची सवय उरलेली नसते. बायका भजनी मंडळात, भिशीत, एकमेकींच्या ओट्यावर सहज रुळतात. पुरुषाला कट्टा लागतो, आणि कट्ट्यावर स्वतःच्या मनाचं सोडून सगळ्या जगाचं बोलतो. शहरांत ज्येष्ठ नागरिक संघांनी ही पोकळी बरीच भरली आहे. वाढदिवस, व्याख्यानं, सहली, रक्तदाब तपासणी, सगळं तिथे होतं. गावाकडे, झोपडपट्टीत संघ नाही. तिथे हरिपाठ आहे, काकडा आहे, वारी आहे. वारीत चालणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहून शहरी माणूस श्रद्धेने हात जोडतो. मला तिथे श्रद्धेइतकंच दुसरं काही दिसतं: दिंडीत आपला ठरलेला क्रम, आपली माणसं, रोज गाठायचा मुक्काम, आणि ‘यंदा दिसली नाहीस गं’ असं विचारणारं कुणीतरी.

जोडीदाराच्या बाबतीत समाज अजून अवघडलेलाच आहे. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये ज्येष्ठांसाठी लिव्ह-इन मंडळ सुरू केलं, तेव्हा चेष्टा झाली, आणि नोंदणीसाठी लोकही आले. मुलांची हरकत बहुतेक वेळा नीतीच्या भाषेत येते. खाली सातबारा असतो. फ्लॅट असेल तर फ्लॅट.

सातबाऱ्यावरून आठवलं. बक्षीसपत्र करून घर मुलाच्या नावे करणारे आईवडील आजही आहेत, बेलवलकरांची गोष्ट पाठ असूनही. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर परत मिळवण्याची सोय २००७ च्या कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. पण अट कागदावर लिहून घ्यायची लाज वाटते. पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं! ती अट लिहून घ्यावी, हा माझा सल्ला. मृत्युपत्र पुरेसं असतं. जिवंतपणी नाव उतरवायची घाई कशाला?

आता शरीराकडे. मनाच्या लेखात शरीर शेवटी येतं ही लेखकांची खोड आहे. म्हाताऱ्या माणसाचा दिवस मात्र शरीरापासूनच सुरू होतो. सर्वांत दुर्लक्षित अवयव कान. डोळ्याला मोतीबिंदू आला की शिबिरं आहेत, शस्त्रक्रिया आहे, चष्मा घालण्यात लाज नाही. कान गेला की माणूस विनोदाचा विषय होतो. आधी तो ‘काय?’ म्हणतो, मग नुसता हसतो, मग जेवणाच्या टेबलावर यायचं टाळतो. घरचे ओरडून बोलू लागतात आणि ओरडलेलं प्रत्येक वाक्य रागावल्यासारखं वाटतं. लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली. त्यांत बहिरेपणा आहे, दृष्टिदोष आहे, एकटेपणा आहे, नैराश्यही आहे. श्रवणयंत्राला ‘म्हातारपणाची खूण’ समजून कपाटात ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरी गोष्ट पुण्याची. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे शहर आणि ग्रामीण भागातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तर ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. ते पुरुष आज साठी-सत्तरीत आहेत. बी-१२ कमी झालं की थकवा, विसराळूपणा, चिडचिड, खिन्नता, पायांत मुंग्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या रोजच्या गोळ्या ते आणखी खाली नेऊ शकतात. थायरॉईडचंही असंच. मनाच्या वाटेने आलेलं दुखणं कधी कधी सुईने बरं होतं, हे आधी तपासायला हवं.

आणि लघवी. बायका लग्नाला, सभेला, सहलीला येत नाहीत त्याचं खरं कारण पुष्कळदा ‘तिथे सोय आहे का’ हे असतं. ते कुणी बोलत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला आणि दुखरा गुडघा यांनी किती जणांना घरात कोंडलं आहे, ते मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत पाहावं.

स्मृतिभ्रंश हा स्वतंत्र लेखाचा विषय. लासीच्याच विस्तारित अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना तो आहे. सांभाळणाऱ्या सुनेच्या, लेकीच्या मनाचं काय होतं, हाही याच प्रश्नाचा भाग आहे, कारण तीही साठीकडे निघालेली असते.

येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये ओहायोतल्या एका गावातल्या ६६० लोकांचा तेवीस वर्षांचा मागोवा मांडला. आपल्या वयाकडे बऱ्या नजरेने पाहणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. यातलं किती स्वभावाचं, किती नशिबाचं, हे वेगळं काढणं कठीण. पण आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत वाढलो आहोत, आणि ते ऐकत ऐकतच साठी गाठतो.

शेवटी गोव्याचं सांगतो. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये गोव्यातल्या लोकांशी बोलून लिहिलं, की विस्मरण आणि औदासीन्य लोकांना ठाऊक आहे, पण ते त्याला आजार मानत नाहीत, म्हातारपण मानतात. त्यानंतर अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्यातच साठीपुढच्या १८१ लोकांवर प्रयोग केला. या सगळ्यांना थोडी लक्षणं होती, पण पुरतं नैराश्य अजून आलेलं नव्हतं. मनोविकारतज्ज्ञ नव्हेत अशा साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी त्यांतल्या ९१ जणांशी ठरावीक बैठकांत काम केलं: अडचण कशी सोडवायची, झोप कशी नीट करायची, मधुमेह-रक्तदाब कसा सांभाळायचा, सरकारी योजनेचा अर्ज कसा भरायचा. वर्षभरात या ९१ पैकी चौघांना नैराश्याचा झटका आला. नेहमीचीच सेवा मिळालेल्या ९० पैकी तेरा जणांना. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला त्यातला अर्जाचा भाग सर्वांत आवडतो. मनाच्या उपचारात निवृत्तिवेतनाचा फॉर्म बसतो, हे त्यांना कळलं होतं.

तुमच्या घरात कुणी रात्र रात्र जागं असेल, जेवण कमी झालं असेल, बोलणं आटलं असेल, तर ‘वयोमानानुसार’ म्हणू नका. कान, डोळे, बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७ आहे. दोन्ही क्रमांक त्यांच्याच फोनमध्ये, मोठ्या अक्षरांत भरून द्या. फोन मात्र त्यांनाच लावू द्या.